कोडच्या शेजारी एक शब्द लिहा : खान्देशातल्या किराणा दुकानातून खुले पत्र

प्रति,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
आणि
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : खाद्यपदार्थांतले घटक वनस्पतीपासून की प्राण्यापासून, हे पाकिटावर आणि सुट्या मालाच्या ट्रेवर मराठीत लिहिण्याबाबत.

महोदय,

यावल तालुक्यातल्या एका गावात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी सांभाळते. तुमच्याकडची रीतसर नोंदणी आहे, १४ आकडी नंबर दर्शनी काचेवर लावलेला आहे. तेव्हा हे पत्र आतल्या माणसाचंच समजा. माल विकते मीच, आणि त्या मालात काय आहे हे गिऱ्हाईक विचारतं तेव्हा तोंडघशी पडते तीही मीच.

आमच्या गावात गळ्यात माळ असलेली घरं पुष्कळ. मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा गावातली माणसं तिच्याबरोबर जातात. महानुभाव आहेत, मारवाडी-जैनांची घरं आहेत, लेवा पाटील आणि गुजर आहेत, सातपुड्याच्या पायथ्याकडून बाजाराला येणारे तडवी आणि पावरा आदिवासी आहेत. कोण काय खातं याचा हिशेब माझ्या डोक्यात वहीपेक्षा पक्का बसलेला आहे. चातुर्मासात कांदा-लसूण कोणाच्या घरी बंद, एकादशीला साबुदाणा कोणाकडे किती, पर्युषणात कोण पालेभाजीलाही हात लावत नाही, हे सगळं मला विचारा. पण पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर घटकांच्या यादीत ४७१ असा सांकेतिक नंबर असतो, तो घटक कशापासून आला हे विचारलंत तर माझी बोलती बंद.

पुडा उलटा करून माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, ‘वाच बरं व माय, यात काही तसलं नाही ना?’ मी वाचते. हिरवा ठिपका दाखवते. म्हातारी माणसं ठिपक्यावर विश्वास ठेवून पुडा पिशवीत टाकतात. शिकलेली सूनबाई मात्र मोबाइल काढते आणि म्हणते, ‘काकू, ठिपका असू दे, हा नंबर काय आहे ते सांगा.’

ठिपक्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. २००१ साली ही खूण आली आणि आमच्यासारख्यांचं काम खरोखर हलकं झालं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही हिरवं आणि तपकिरी कळू लागलं. पुढे २०२०च्या नियमांत मांसाहारी मालाचा तपकिरी गोळा काढून तिथे त्रिकोण केलात. ज्यांना रंगांतला फरक दिसत नाही त्यांची त्यामुळे सोय झाली, हा निर्णयही चांगलाच. पण ठिपक्यामागची व्याख्या किती लोकांना ठाऊक आहे? दूध आणि दुधाचे पदार्थ त्यात हिरवे, हे सगळ्यांना पटतं. मधही हिरवा, मधमाशीचं मेणही हिरवं आणि लाखही हिरवी, हे मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे बघत राहतात.

जैन घरांत मध वर्ज्य आहे. म्हणजे हिरवा ठिपका असलेलं मधाचं बिस्किट त्यांना चालत नाही. ते लोक स्वतः वाचून घेतात, कारण मध निदान मध म्हणून लिहिलेला असतो. लाखेचं तसं नाही. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसतात, अंगातून पाझरणाऱ्या राळेचं कवच करतात. फांद्या तोडून ते कवच खरवडून काढतात आणि त्यात किडेही जातात. झारखंड-छत्तीसगडकडे याची मोठी शेती आहे. आपल्या खान्देशातल्या बायकांना लाख नवी नाही. जळगावचा सराफ पोकळ दागिन्याच्या पोटात लाख भरतो, बाजारात लाखेच्या बांगड्या मिळतात. तीच लाख शुद्ध करून रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर, औषधाच्या गोळ्यांवर, परदेशी सफरचंदांवर चकाकीसाठी चढते, हे मात्र नवं. पाकिटावर तिचं नाव असतं ‘ग्लेझिंग एजंट ९०४’. कायद्याच्या हिशेबात ती शाकाहारी आहे आणि तो हिशेब बदला असं माझं म्हणणं नाही. पळसावरच्या किड्याचं कवच खायचं की नाही हे खाणाऱ्याने ठरवावं. पण ठरवायला आधी कळलं तर पाहिजे!

आता नूडल्सच्या मसाल्याची पुडी घ्या, किंवा चटपटीत वेफर्सचं पाकीट. आमच्याकडे केळीचे वेफर्स घरोघर तळले जातात, मीठ-मिरीपलीकडे त्यात काही नसतं. पण पोरांना कंपनीचे हवेत. मागची बारीक अक्षरं वाचा. मीठ, साखर, मसाले, आंबटपणासाठी ३३०, आणि मग ‘फ्लेवर एन्हान्सर (६२७, ६३१)’. चव जिभेवर रेंगाळावी म्हणून घातलेली ही दोन द्रव्यं. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. ते मांसापासून किंवा माशापासून काढता येतं. तेच टॅपिओकाच्या, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाच्या, स्टार्चवर जंतूंकडून आंबवूनही बनवता येतं. आज बरंचसं आंबवूनच बनतं. पण पाकीट त्याबद्दल मुकं आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण माझी सगळी मागणी तिच्यावर उभी आहे. माशातून काढलेलं ६३१ आणि कंदापासून बनवलेलं ६३१ यांचा रेणू एकच. शुद्ध केल्यावर पांढरी भुकटी तीच, चवही तीच. नमुना प्रयोगशाळेत दिला तर अहवाल येईल की हे डायसोडियम इनोसिनेट आहे. ते समुद्रातून आलं की शेतातून, हे नेहमीच्या तपासणीत कळायचं नाही. ज्याने ते बनवलं आणि ज्याने ते विकत घेतलं, त्यांच्याच कागदपत्रांत ते लिहिलेलं असतं. म्हणजे गिऱ्हाइकाने कितीही शहाणपण केलं, कायद्यानुसार फी भरून अन्न विश्लेषकाकडे नमुना दिला, तरी उत्तर हाती लागणार नाही. लिहायचं तर उत्पादकानेच लिहायला हवं. दुसरा मार्ग नाही.

हे मी नव्याने म्हणते आहे असंही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी हेच सांगितलं. घटक नुसत्या सांकेतिक क्रमांकाने लिहू नका, तो वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की प्रयोगशाळेत तयार झालेला आहे तेही लिहा, त्याचं प्रमाण कितीही किरकोळ असो. त्या प्रकरणात ६३१चंच उदाहरण होतं. माणसाला आपण काय खातो हे जाणून घ्यायचा हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. माझ्या फळीवर या घडीला जी पाकिटं आहेत त्यांतली मूठभर सोडली तर बाकीच्यांवर अजून नुसते आकडेच आहेत.

ती मूठभर पाकिटं मी मुद्दाम बाजूला काढून ठेवली आहेत. त्यांवर ‘इमल्सिफायर’च्या, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या द्रव्याच्या, पुढे कंसात ‘वनस्पतीजन्य’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द छापलेले आहेत. शाई किती लागली असेल? एका कंपनीला जमतं ते दुसरीला का जमू नये, याचं उत्तर मला माल टाकायला येणाऱ्या पोराकडून मिळणार नाही. ते तुम्ही विचारायचं.

बाकीच्या आकड्यांची गत अशीच. ४७१ म्हणजे चरबीच्या आम्लांपासून बनवलेलं द्रव्य, तेल आणि पाणी एकजीव ठेवायला. बिस्किटात, ब्रेडमध्ये, आइस्क्रीममध्ये, बेकरीवाले वापरतात त्या केक जेलमध्ये ते असतं. ते पामतेलापासून होतं, तसंच जनावराच्या चरबीपासूनही. ४२२ म्हणजे ग्लिसरीन, त्याचंही तेच. ३२२ लेसिथिन बहुधा सोयाबीनचं, पण अंड्यातही ते असतं. ९२० हे सिस्टीन, ब्रेडचं पीठ ताणलं जावं म्हणून घालतात. बदकाच्या पिसांपासून, माणसाच्या केसांपासून काढायची पद्धत जुनी आहे आणि आंबवून बनवायची नवी. ड-३ जीवनसत्त्व बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकटापासून येतं, दगडफुलासारख्या लायकेनपासूनही मिळवता येतं. लाल रंगाचं १२० हे तर सरळ किडेच, दक्षिण अमेरिकेतल्या निवडुंगावरचे, वाळवून कुटलेले. त्याला पर्याय म्हणून बीट आहे. पण बीट घातलं तर १६२ लिहितात, त्यामुळे तिथे निदान आकडा बोलतो. ४७१ बोलत नाही, खरी अडचण ती.

पाकिटावर काही लिहिलेलं नसलं की लोकांच्या तोंडी काहीही येतं. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटांवर दर सणाला एक यादी फिरते, ‘हे नंबर दिसले तर समजा डुकराची चरबी’. यादीत ३२२ असतं, ४७१ असतं, एकदा तर ३३० सुद्धा होतं. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं ते! ते बुरशीकडून साखरेवर आंबवून घेतात, त्यात डुकराचा काय संबंध? पण यादी वाचून बायका पुडे परत आणतात आणि मी ते ठेवून घेते, कारण पक्कं उत्तर माझ्याकडे नसतं. ३३०चं मी छातीठोक सांगू शकले. ४७१ला गप्प बसले. यादी पाठवणाऱ्याचा माझ्यावर विजय झाला तो तेवढ्या जागेत.

साखरेबद्दलही अशीच हूल उठते. हाडांच्या कोळशातून गाळलेली असते म्हणतात. अमेरिकेतल्या काही शुद्धीकरण कारखान्यांत हाडांचा कोळसा वापरतात, हे खरं. आपल्याकडच्या कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करायची पद्धत सर्रास आहे. मी साखरेचे एस-३० आणि एम-३० असे दोन प्रकार विकते, दोन्ही पोती आपल्याच कारखान्यांची असतात. तरी एका मावशींनी वर्षभर फक्त गूळ नेला. गुळाला माझी ना नाही, माझा धंदा झालाच. पण भीतीपोटी नेला हे मनाला लागलं.

खान्देशाला हा विषय काही आजचा नाही. इथून जवळच अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आज जगभर नाव असलेली विप्रो कंपनी तिथून सुरू झाली. सासूबाई सांगत, घट्ट पांढरं तूप डब्यातून निघायला लागलं तेव्हा जुनी माणसं ‘हे तेल आहे की आणखी काही’ म्हणून बोट लावून वास घेत. पुढे १९८३ साली परदेशातून आयात केलेली गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर कित्येक घरांतून तो डबा कायमचा गेला. ज्या कारखान्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता त्यांनाही ते भोगावं लागलं.

त्याच वनस्पती तुपाच्या बाबतीत सरकारने एक फार हुशारीची गोष्ट केलेली आहे, ती तुम्हाला मी सांगावी असं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर नुसतं बघून कळत नसे. म्हणून नियम केला की वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. तिळाच्या तेलाला फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लावलं की लालसर रंग येतो. तुपात भेसळ झाली की हा रंग चुगली करतो. म्हणजे जिथे ओळखता येत नव्हतं तिथे सरकारने बनवणाऱ्यालाच खूण घालायला लावली. मग ४७१ आणि ६३१च्या बाबतीत तेल नको, रसायन नको, नुसता एक छापील शब्द मागते आहे. तो जड जाऊ नये.

पाकिटाचं एवढं तरी आहे. सुट्या मालाचं काय करायचं? आणि तालुक्याच्या गावात निम्मं खाणं सुटंच असतं. आता एक रुपयाच्या गोळीचं बघा. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनावर घटकांची यादी न छापायची सूट तुम्ही दिलेली आहे. व्यवहाराला धरून आहे, एवढ्याशा कागदावर काय काय मावणार. यादी असते ती मोठ्या पाकिटावर. ते पाकीट मी दुकानात फाडते, गोळ्या बरणीत ओतते आणि पाकीट रद्दीत. शाळा सुटल्यावर पोरं येतात ती बरणीकडे बघून बोट दाखवतात. त्यातल्या चिवट, रबरासारख्या गोळ्यांत कधी जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं शिजवून काढलेला चिकट पदार्थ. कधी त्याऐवजी पेक्टिन असतं, फळांतून काढलेलं, किंवा समुद्री शेवाळाचं अगर. बरणीतून दोन्ही सारख्याच दिसतात. मी आता मोठ्या पाकिटावरची यादी आणि खूण कात्रीने कापून बरणीच्या आत काचेला लावून ठेवते. कोणी सांगितलं नव्हतं, सुचलं म्हणून केलं. हे सगळ्या दुकानांना सक्तीचं करा. कात्री प्रत्येकाकडे असते.

बेकरीकडे वळते, कारण खरा गुंता तिथे आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आधी बायका घरचं तूप, पिठीसाखर, मैदा, रवा असं मोजून डब्यांत भरतात आणि बेकरीत नानकटाई करून आणायला जातात. रांगा लागतात. डब्यांवर नावं, हातात नंबराचा कागद. माल आपला, म्हणजे शंका संपली असं आपण धरून चालतो. भट्टीसमोर उभं राहून बघा. पत्रे एकावर एक रचलेले असतात, काळेभोर, तुपा-तेलाने वर्षानुवर्षं मुरलेले. पाव, बन यांना वरून तकाकी यावी म्हणून कारागीर एका वाटीत अंडं फेटून ठेवतो आणि ब्रश फिरवतो. पिवळसर पट्टा ओढला जातो, भट्टीतून आल्यावर तो तपकिरी चमकतो. दुसऱ्या वाटीत दूध किंवा तूप असतं, त्यातही ब्रश असतो. दोन्ही ब्रश एकाच खुंटीला टांगलेले. कुठला पत्रा कशाचा हे कारागिराला माहीत असतं, त्याला विचारलं तर तो सांगतोही. विचारतं कोण? रांगेत मागून ढकलाढकली चाललेली असते.

आणि आता जे लिहिते ते पुष्कळांना आवडणार नाही. आपल्या भागातल्या कित्येक बेकऱ्या मुसलमान कुटुंबांच्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. आम्ही नानकटाई करून घेतो ती त्यांच्याच भट्टीवर आणि त्यांनी आजवर कुणाचं तूप चोरलेलं मी ऐकलेलं नाही. ‘चरबी’ची अफवा निघते तेव्हा ती कंपनीच्या पुड्यापर्यंत जात नाही, थेट या भट्ट्यांवर जाऊन आदळते. ज्या माणसाने घरी खातो तेच डालडा-मार्गारीन वापरलं त्याला लोकांपुढे हात जोडून सफाई द्यावी लागते. मी हे पत्र लिहिते आहे ते कुणाच्या दुकानासमोर जाऊन व्हिडिओ काढण्यासाठी नाही, आणि कुणी तसा वापर केला तर त्याला माझा पाठिंबा धरू नये. बेकरीवाल्याला छापील पाटी द्या. ‘या पदार्थावर अंडं लावलेलं आहे’, ‘या पदार्थाला अंडं नाही’, एवढी दोन वाक्यं मराठीत, ट्रेसमोर. मार्गारीनच्या खोक्यावर कंपनीने उगम लिहिला की बेकरीवालाही ताठ मानेने दाखवू शकेल. आज त्याच्या खोक्यावरही आकडेच आहेत. तो तरी काय सांगणार?

अशी पाटी लावायला लावणं तुम्हाला नवीन नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत वापरावी’ ही तारीख लिहायचा नियम तुम्हीच केलात. पेढ्यासमोर तारखेची पाटी लागते, तर तिच्यावरच हिरवी किंवा तपकिरी खूण लागायला हरकत काय? मिठाईत वर्खाचा प्रश्न आहेच. चांदीचा तुकडा जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून तासन्‌तास ठोकायची जुनी रीत होती. जैन समाजाने यावर फार आधीपासून बोलायला सुरुवात केली, कारण देवाच्या अंगीलाही, म्हणजे मूर्तीच्या सजावटीलाही, वर्ख लागे. आता यंत्रावरचा वर्खही मिळतो. काजूकतलीवर कोणता आहे ते दुकानदाराने लिहावं, किंवा वर्खच लावू नये. बिनवर्खाची काजूकतली मला तरी जास्त गोड लागते.

चीजचं थोडक्यात. जळगावात पिझ्झा मिळतो तसा तो आता फैजपूर-सावद्यालाही मिळतो. दूध फाडायला लागणारं रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत. आपल्या देशात बनणाऱ्या चीजला बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजंतूंपासून मिळवलेलं रेनेट लागतं. पण इटलीच्या पार्मिजानो रेजानोला वासराचंच रेनेट हवं, तो तिथला नियमच आहे. वरून भुरभुरलेलं चीज कुठलं, हे मेनू कार्डावर यावं.

आमचे तडवी गिऱ्हाईक या सगळ्यात कुठे बसतात, तेही सांगते. ते मुसलमान आहेत, मांस खातात. त्यांना हिरव्या ठिपक्याची गरज नाही असं तुम्हाला वाटेल. पण तेही पुडा उलटा करून विचारतात, फक्त प्रश्न वेगळा असतो, ‘डुकराचं तर नाही?’ तपकिरी त्रिकोण त्यांना काहीच सांगत नाही. मासा, कोंबडी, गाय, डुक्कर, सगळ्याला एकच त्रिकोण. अंडं मात्र खाणारी आणि मांस न खाणारीही घरं आहेत; पदार्थात फक्त अंडंच असेल तर तसं लिहायची मुभा नियमात आहे, पण मुभा म्हणजे मर्जी, आणि मर्जी क्वचितच दिसते. म्हणून माझं म्हणणं हे माळकऱ्यांपुरतं समजू नका. जिलेटिन असेल तर कुठल्या जनावराचं, हा शब्दही हवा.

आणि तो मराठीत हवा. नियमाप्रमाणे पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की झालं, बाकी भाषा हौसेवर सोडलेल्या. आता बघा, जाहिरात मराठीत येते. टीव्हीवरची बाई आमच्या सुनेसारखं नेसून आमच्यासारखं बोलते आणि पुडा घ्या म्हणते. पुड्यामागे काय आहे ते सांगायची वेळ आली की इंग्रजी, तेही मुंगीच्या पावलाएवढं. काउंटरवर मी भिंग ठेवलं आहे. भिंगाने अक्षर मोठं होतं, कळत नाही.

औषधांचं मी मुद्दाम मागत नाही. कॅप्सूलचं टरफल बहुधा जिलेटिनचं असतं हे आता पुष्कळांना कळलं आहे. वनस्पतीच्या सेल्युलोजचीही टरफलं बनतात. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधांवर अशी खूण सक्तीची करणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला आणि तो विषय वेगळ्या कायद्याचा आहे. जीव वाचवणारी गोळी कुणी ठिपका बघून टाकून द्यावी असं मलाही वाटत नाही. खाण्याचं तेवढं बघा.

तर एवढंच करा. आकड्याच्या शेजारी ‘वनस्पती’, ‘प्राणी’ किंवा ‘आंबवून’ यांपैकी एक शब्द, प्राणी असेल तर कोणता तेही. जनावरापासूनचं काहीच चालत नाही त्यांच्यासाठी २०२२ साली तुम्ही व्हीगन मालाचे वेगळे नियम आणि हिरव्या पानाची खूण काढलीत. ती घेणारा उत्पादक प्रत्येक घटकाचा उगम तपासूनच घेतो, म्हणजे कागद ठेवता येतात हे सिद्धच आहे. बरणीवर आणि ट्रेसमोर मराठी पाटी. बेकरीसाठी, मिठाईसाठी पाटीचा नमुना तुम्हीच छापून द्या, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या सोयीचं लिहील. आणि तुमचे अधिकारी तपासणीला येतात तेव्हा फक्त मुदत आणि स्वच्छता बघून जाऊ नयेत. घाऊक मालाच्या खोक्याचं बिल आणि उगमाचा कागदही मागावा. खोटं लेबल लावणाऱ्याला कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे. तो लहान बेकरीवाल्यावर पहिला हात टाकून वसूल करू नका. वरून, कारखान्यापासून खाली या.

पाटीचा नमुना दिवाळीच्या निदान महिनाभर आधी हाती पडावा. बायका नानकटाईचे डबे भरायला लागल्या की बेकरीवाल्याला भिंतीकडे बघायलाही फुरसत नसते.

आपली,
एक किराणा दुकानदार
यावल तालुका, जि. जळगाव